सुट्या भागांचें स्वयंपाकघर



डोंबिवलीच्या किंवा कल्याणच्या एखाद्या जुन्या चारमजली इमारतीचा जिना चढतांना त्याच्या वळणाशीं क्षणभर थांबून भिंतीकडे पाहावें. माणसाच्या कमरेच्या उंचीवर तेथें रंग खरवडलेला असतो, कोपऱ्याचा गिलावा उडालेला असतो. हे ओरखडे म्हणजे त्या इमारतींतील बिऱ्हाडांचा न लिहिलेला इतिहासच होय. कोणाचा पलंग येथें अडला, कोणाचें कपाट तिरपें करून कसेंबसें वर चढलें, कोणाचें तसेंच खालीं परत गेलें, हें सारें त्या भिंतीवर उमटलेलें असतें. कपाट परत जाण्याचा प्रसंग पाहणारास हास्यास्पद, परंतु भोगणारास मोठा क्लेशदायक असतो. हौसेनें पसंत केलेली वस्तु, तिच्यापायीं खर्चिलेली शिल्लक, घाम पुसत उभे असलेले हमाल, आणि दारें किलकिलीं करून पाहणारे शेजारी! सुतारानें माप घेतलेलें असतें तें स्वयंपाकघराच्या भिंतीचें; जिन्याचें माप घ्यावें हें कोणाच्याच ध्यानांत आलेलें नसतें.

ह्या संकटावर तोड म्हणून सुट्या भागांचीं कपाटें आतां घरोघर येऊं लागलीं आहेत. फळ्या कारखान्यांत मापानें कापावयाच्या, त्यांच्या कडा पट्टीनें बंद करावयाच्या, भोकें पाडावयाचीं, त्या सपाट गठ्ठ्यांच्या रूपानें जिन्यानें वर न्यावयाच्या आणि स्वयंपाकघरांतच स्क्रू व खुंट्या घालून त्यांचें कपाट उभें करावयाचें, अशी ही रीति आहे. दुकानदार तिला मॉड्युलर किचन म्हणतात. ठाणें-डोंबिवलीच्या गृहिणी ओट्याखालच्या सरकत्या जाळ्यांवरून सगळ्यालाच किचन ट्रॉली म्हणतात. नांव कांहींही असो, अशा कपाटांची मागणी नोंदवितांना काय मोजावें, काय विचारावें आणि फसगत कोठें होते, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

सुटी होणारी लांकडी वस्तु महाराष्ट्रास नवी नाहीं. जुन्या वाड्यांतील खांब व तुळया ह्यांची भिस्त खिळ्यांपेक्षां खांच, कुसूं व पाचर ह्यांवरच अधिक असे. वाडा उतरवितांना तें लांकूड निगुतीनें सोडवून दुसऱ्या घराच्या कामीं लावीत. माजघरांतला झोपाळा, लेकुरवाळीचा पाळणा, चार खांबांचा पलंग, ह्या सर्व वस्तु एका घरांतून दुसऱ्या घरीं सुट्या होऊनच जात. खाडीकांठच्या ह्या मुलखाचें तर लांकूडकामाशीं जुनें नातें आहे. इ. स. १६५७ मध्यें कल्याण व भिवंडी हस्तगत झाल्यावर शिवछत्रपतींनीं आपल्या आरमाराचा पाया कल्याणच्या खाडीवर घातला. जहाज तरी काय, निरनिराळे भाग घडवून कांठावर जोडलेली वस्तुच ती!

पश्चिमेकडे ह्या कल्पनेस कारखान्याची जोड मिळाली. व्हिएन्ना येथील मिखाएल थोनेट ह्याच्या कारखान्यानें १८५९ साली वाफेवर वांकविलेल्या लांकडाची एक खुर्ची काढली. तिच्यांत लांकडाचे तुकडे अवघे सहा, स्क्रू दहा व चाक्या दोन. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटर पेटींत मावत व देशोदेशीं जात. स्वयंपाकघरास शास्त्राची दृष्टि मिळाली ती १९२६ साली जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरांत. तेथील नव्या कामगार वसाहतींसाठीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की ह्या स्थापत्यविशारद स्त्रीनें सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें एक लहानसें स्वयंपाकघर आंखलें. गृहिणीस पावलें किती टाकावीं लागतात, हात कोठवर पोंचतो, ह्याचा हिशेब करून त्यांतील प्रत्येक कप्पा ठरविला होता. आणि त्याच नमुन्याचीं सुमारे दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. पुढें १९५६ साली स्वीडनमधील आयकिया ह्या पेढीच्या एका नोकरानें मोटारींत मावेना म्हणून मेजाचे पाय काढले, आणि सपाट पेटींतून फर्निचर विकण्याचा त्या पेढीचा प्रघात तेथूनच वाढला. त्याच पेढीचें दुकान डिसेंबर २०२० मध्यें ठाण्याच्या शेजारींच तुर्भ्यास उघडलें.

परंतु तेवढ्यासाठीं तुर्भ्यास गेलेंच पाहिजे असें नाहीं. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील फर्निचरचा बाजार साऱ्या परिसरांत प्रसिद्ध आहे. ठाण्यांत, कल्याणांत व डोंबिवलींतही मापानें फळ्या कापून देणारे कारखानदार आहेत. तेव्हां प्रश्न माल मिळण्याचा नाहीं. काय मागावें हें समजण्याचा आहे.

पहिली गोष्ट मापाची. भिंत सरळ असते आणि कोपरा काटकोनांत असतो, हा समज घराबाहेर ठेवून मग टेप हातीं घ्यावी. भिंतीची लांबी जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर अशी तीन ठिकाणीं मोजावी व त्यांतली सर्वांत कमी ती खरी धरावी. उदाहरणार्थ, दहा फुटांची म्हणून सांगितलेली भिंत खालीं ३०४० मिलिमीटर, मध्यें ३०४८ आणि वर ३०३२ भरली, तर हिशेब ३०३२ वरच करावा. त्यांत ९०० ची दोन व ६०० ची दोन अशीं चार कपाटें मिळून ३००० मिलिमीटर होतात. उरलेले ३२ मिलिमीटर वायां गेले असें समजूं नये. दोन्ही टोकांस सोळा-सोळा मिलिमीटरची पट्टी बसविली म्हणजे भिंतीचा वांकडेपणा झांकतो व शेवटचें दार भिंतीस न घांसतां उघडतें. जो कारागीर भिंतीच्या मापाइतकींच कपाटें करावयास निघतो, त्याला बसवितांना फळी तासावी लागते. आणि कारखान्यांत बंद केलेली कड तासली कीं ओल शिरण्यास वाट मोकळी झाली.

गुण्या लावून कोपरे पाहावे, ओळंबा सोडून भिंत पाहावी. नळ, सांडपाण्याची नळी, गॅसची नळी, विजेचे खटके व खिडकीची चौकट ह्यांची जागा कागदावर अंतरासह मांडावी. इतकें झाल्यावर मग दाराबाहेर यावें व उद्वाहकाचें आंतलें माप, जिन्याची रुंदी, वळणावरची मोकळी जागा आणि घराच्या दाराची उघडी रुंदी हीं चार मापें त्याच कागदावर लिहावीं. कपाट सुटें असलें तरी ओट्याची ग्रॅनाइटची फळी सुटी होत नाहीं, आणि उंच कपाटाची बाजूची फळीही एकसंध असते, हें विसरूं नये.

मापाचा आणखी एक पेंच असा आहे कीं तो भल्याभल्यांच्या लक्षांत येत नाहीं. ठाणें-डोंबिवलीच्या पुष्कळ स्वयंपाकघरांत सात फुटांवर, म्हणजे सुमारे २१३४ मिलिमीटरवर, माळा असतो. त्याखालीं २१०० मिलिमीटर उंचीचें व ६०० मिलिमीटर खोलीचें कपाट सहज राहील असें दिसतें, आणि उभें असलें तर तें राहतेंही. परंतु कारागीर तें जमिनीवर आडवें ठेवून जोडतात व मग उभें करतात. उभें होतांना त्याचा कर्ण आडवा येतो. २१०० व ६०० ह्या बाजूंचा कर्ण जवळ जवळ २१८४ मिलिमीटर होतो, म्हणजे माळ्यापेक्षां पन्नास मिलिमीटर अधिक. शाळेंत भूमितीच्या तासाला निरुपयोगी म्हणून घोकलेला तो सिद्धान्त अशा वेळीं स्वयंपाकघरांत उभा राहून जाब विचारतो! म्हणून असें उंच कपाट एकावर एक अशा दोन भागांत मागवावें, किंवा तें जागेवर उभ्यानेंच जोडतां येईल अशी रचना आधींच ठरवून घ्यावी.

दुसरी गोष्ट लांकडाची. बाजारांत मुख्यतः तीन प्रकारच्या फळ्या असतात. लांकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटविलेलें प्लायवूड, भुशाचा व चुऱ्याचा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड, आणि बारीक तंतूंचा एमडीएफ. भारतीय मानकांत साधारण कामाच्या प्लायवूडास ३०३ हा क्रमांक आहे, जहाजी प्लायवूडास ७१० आणि वर पातळ थर चढविलेल्या पार्टिकल बोर्डास १२८२३. फळीवर हा क्रमांक व मानक संस्थेची खूण छापलेली आहे कीं नाहीं, हें कापण्यापूर्वीं पाहावें. कापून, थर चढवून, कडा बंद झाल्यावर सर्व फळ्या सारख्याच गोजिऱ्या दिसतात. कोंकणपट्टीचा पावसाळा चार महिन्यांचा, आणि मोरीखालचा पावसाळा बारमाही. तेव्हां मोरीखालच्या व ओट्याखालच्या कपाटांचा सांगाडा जहाजी प्लायवूडाचा असावा. दारें व वरचीं कपाटें ह्यांस हलकी फळी चालेल. पार्टिकल बोर्डाच्या कडेंतून एकदां पाणी शिरलें कीं तो फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत् होत नाहीं.

तळमजल्यावर राहणारांनीं तर आणखी पुढें पाहावें. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत कल्याणच्या सखल भागांतील घरांत पाणी शिरलें, त्याची आठवण असलेलीं कुटुंबें आजही तेथें आहेत. अशा ठिकाणीं ओट्याखालीं गंजरोधक पोलादाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटी घ्याव्या. त्या धुऊन पुसून पुन्हां वापरतां येतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांध्याची. सुटें आणून जोडतां येणें आणि जोडलेलें पुन्हां सोडवितां येणें, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकानदार पहिलीबद्दल बोलतो व गिऱ्हाईक दुसरी समजतें. सांध्याचे प्रचलित प्रकार दोन. एकांत एका फळींतील खुंटीचें डोकें दुसऱ्या फळींत बसविलेल्या धातूच्या गोल चकतींत अडकतें आणि चकती स्क्रूड्रायव्हरनें फिरविली कीं सांधा आवळला जातो. दुसऱ्यांत सात मिलिमीटर जाडीचा व पन्नास मिलिमीटर लांबीचा, रुंद आट्यांचा स्क्रू फळीच्या कडेंत थेट फिरवितात. दोन्ही सांधे उघडतात खरे, परंतु पार्टिकल बोर्डांतून स्क्रू दोन-चार वेळां काढून घातला कीं आटे धरणारा चुरा झडूं लागतो व पकड जाते. प्लायवूड अधिक वेळां सोसतें. आणि कारागिरानें घाईघाईनें लांकडी खुंट्यांस गोंद लावला, किंवा पाठीमागची फळी खिळ्यांनीं ठोकून टाकली, तर सुटें म्हणून विकत घेतलेलें कपाट कायमचें अखंड झालें. मग तें हलविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे तोडण्याचा. म्हणून मागणी नोंदवितांनाच स्पष्ट लिहून घ्यावें कीं, सांध्यांत गोंद व खिळा असणार नाहीं, पाठीची फळी खांचेंत सरकवून बसविली जाईल, आणि प्रत्येक फळीवर तिचा क्रमांक असेल. जोडणीचा नकाशा, फळ्यांची यादी, चार जादा बिजागऱ्या व मूठभर जादा स्क्रू एका पिशवींत घालून त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यांत ठेवावे. ही पिशवी हरवली म्हणजे कपाटाची अर्धी किंमत गेली.

चौथी गोष्ट भिंतीची. खालचीं कपाटें आपल्या पायांवर उभीं राहतात. ते पाय फिरवून उंची कमीजास्त करतां येते व पाणसळ लावून सर्व कपाटें एका पातळींत आणतां येतात. वरचीं कपाटें मात्र भिंतीच्या जिवावर लटकत असतात, आणि त्यांत डाळी-तांदुळाचे डबे असतात. जुन्या इमारतींत भिंत विटांची असते. घोडबंदर रस्त्यावरील व अन्य ठिकाणच्या नव्या उंच इमारतींत ती पोकळ-हलक्या ठोकळ्यांची किंवा सबंध काँक्रीटची असूं शकते. विटेंत घट्ट बसणारी खुंटी हलक्या ठोकळ्यांत सैल पडते. भिंत कशाची आहे हें कारागिरास आधीं सांगावें, व तीस साजेशी खुंटी त्यानें आणली आहे काय तें पाहावें. भिंतींत दडलेल्या विजेच्या तारा व पाण्याच्या नळ्या कोठून गेल्या आहेत हें कळल्यावांचून ड्रिल चालवूं देऊं नये.

पांचवी गोष्ट, जिला खरें पाहतां पहिली म्हणावयास हवें, ती उभें राहणाऱ्या व्यक्तीची. दुकानांतील नमुन्याचें स्वयंपाकघर सुंदर असतें, कारण तेथें कोणी स्वयंपाक करीत नाहीं. ओट्याची उंची कामकरणीच्या कोंपराच्या साधारण चार इंच खालीं असावी. पांच फूट उंचीच्या स्त्रीस ती चौंतीस इंचांच्या आसपास येते. तिच्यासाठीं छत्तीस-अडतीस इंचांचा ओटा केला तर पोळ्या लाटतांना खांदे भरून येतील आणि दोष वयाला दिला जाईल. सहा फुटांवरचा कप्पा तिला स्टुलावांचून पोंचत नाहीं, तेव्हां रोज लागणारी वस्तु तेथें ठेवण्याची वेळ येऊं नये. कणकेचा डबा कोणता, मोठा कुकर कोणता, पिंप कोठें ठेवावयाचें, मिक्सर कोठें, हें सर्व मोजून मग खणांच्या उंच्या ठरवाव्या. आश्चर्य असें कीं, पुष्कळ घरीं मागणी नोंदवितांना रंग व मुठी घरधनीण पसंत करते आणि मापें घरधनी सांगतो. वास्तविक मापें तिनें सांगावीं. रंग कोणीही सांगितला तरी चालेल.

राहतां राहिला पैसा. किंमत विचारतांना कर, वाहतूक, मजल्यावर चढविण्याची मजुरी, जोडणी, जुनें कपाट काढणें व ओट्याची कापाकापी ह्यांचा समावेश आहे कीं नाहीं हें एकेक करून विचारावें आणि उत्तर कागदावर घ्यावें. फळीचा प्रकार व क्रमांक, जाडी, बिजागऱ्यांची व सरकत्या पट्ट्यांची जात, माल पोंचविण्याची तारीख आणि माप चुकल्यास खर्च कोणाचा, हीं कलमें त्या कागदावर असावींच. माप दुकानाच्या माणसानें घेतलें असेल तर नकाशावर त्याची सही घ्यावी. पैसे हप्त्यांनीं द्यावे. कांहीं मागणीबरोबर, कांहीं माल घरीं येऊन फळ्या यादीप्रमाणें मोजल्यावर, आणि लक्षांत राहील एवढा शेवटचा हप्ता सर्व दारें नीट लागल्यावर. एवढें करूनही तंटा उद्भवला, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून अमलांत आला, तो गिऱ्हाइकाच्या पाठीशीं आहे. तक्रार आतां आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे करतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास फी पडत नाहीं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. १९१५ ह्या क्रमांकावर सल्लाही मिळतो. मात्र आयोगापुढें बोलतो तो कागद. तोंडी आश्वासनांस तेथें जीभ नसते.

इतकी दगदग एका कपाटासाठीं कशाला करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ह्या गांवांच्या आजच्या स्थितींतच आहे. ठाण्याच्या नौपाड्यांत, कल्याणांत, डोंबिवलींत जुन्या इमारती पाडून त्या जागीं नव्या बांधण्याचें काम ठिकठिकाणीं चाललें आहे. तीन-तीन पिढ्या एका दोन खोल्यांच्या जागेंत वाढलेलीं कुटुंबें कांहीं वर्षांसाठीं भाड्याच्या घरीं जातात. अकरा-अकरा महिन्यांचे करार, दर वेळीं नवा जिना, नवी भिंत. त्या दिवसांत वृद्ध सासूस किंवा आजीस सर्वांत अधिक चुकल्यासारखें होतें तें स्वयंपाकघरांत. अंधारांतही जेथें हात जाऊन मिठाची बरणी सांपडे, तेथें आतां परकी भिंत असते. अशा वेळीं कपाट अखंड असेल तर तें भंगारवाल्यास द्यावें लागतें. सुटें होणारें असेल तर त्याचे क्रमांक घातलेले भाग गठ्ठ्यांत बांधून बरोबर नेतां येतात, आणि नव्या घरीं निदान कप्प्यांचा क्रम तरी जुनाच राहतो. तिसऱ्या कप्प्यांत हळद, त्याखालीं मोहरी. म्हाताऱ्या हातांस तेवढी ओळख पुरते.

पूर्वींच्या गृहिणीची उतरंडही सुटीच होती. मडकें मडक्यावर रचलेलें, बिऱ्हाड हललें कीं एकेक उतरवून नेतां येई व दुसऱ्या कोपऱ्यांत त्याच क्रमानें पुन्हां रचतां येई. तिला नकाशा लागत नसे, कारण तो तिच्या मनांत असे. आजच्या कपाटाचा नकाशा कारखान्यांत तयार होतो, म्हणूनच तो मागून घ्यावा, वाचावा व जपून ठेवावा. मग कधीं घर सोडण्याची वेळ आली, तर त्या जुन्या जिन्याच्या वळणावर आणखी एक ओरखडा न उमटवितां स्वयंपाकघर खालीं उतरेल, आणि दुसऱ्या जिन्यानें वर चढेल.